सुंभाचा पीळ आणि बाईची वेणी

१

मराठीत एक म्हण आहे : सुंभ जळतो, पण पीळ जळत नाही. मागच्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या शिक्षक-खोलीत बिंदुनामावलीवरून बोलणे निघाले आणि वाढत गेले. मी एक आकडा मांडला. तो खरा होता, म्हणून कोणाला खोडता येईना. तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी हसत हसत ही म्हण म्हणाले. सगळे हसले. मीही हसले असेन. आमच्या पिढीला ही सवय लागलेली आहे. घरातले पहिलेच पदवीधर असलो, की कोणत्या विनोदाला कधी हसायचे हे पदवीच्या आधी शिकावे लागते.

रात्री मात्र एक विचार डोक्यातून जाईना. ही म्हण मला ऐकवणाऱ्यांच्या सात पिढ्यांत कोणी सुंभ वळलेला नसेल. माझ्या आज्याने जन्मभर दुसरे काही केले नाही. म्हणीत सुंभ आहे, पीळ आहे, जाळ आहे. सुंभ वळणारा हात तेवढा नाही. काथ्याची दोरी धुमसत जळाली की तिच्या राखेतही पिळाचा आकार काही काळ टिकतो, हे ज्याने प्रथम पाहिले तो माणूस दोरीजवळ बसणाराच असला पाहिजे. त्याचे निरीक्षण भाषेने घेतले, त्याला वगळले, आणि पुढे तीच म्हण त्याच्या नातीला गप्प बसवायला वापरली. आपल्या सांस्कृतिक इतिहासात हे इतक्या वेळा झाले आहे की त्याचे नवल वाटेनासे झाले आहे.

म्हणून या लेखात मी पिळाचा इतिहास मांडणार आहे. पीळ दोराला असतो, सुताला असतो, बाईच्या केसांना असतो. 'पेड' हा एकच शब्द आपण दोराच्या पदरालाही वापरतो आणि वेणीच्या बटेलाही. चार पेडी दोर आणि तीन पेडी वेणी यांत भाषेने भेद केला नाही. भेद केला तो समाजाने. कोणाच्या हातचा पीळ पवित्र, कोणाच्या हातचा हलका. कोणाच्या डोक्यावरची वेणी सौभाग्य, कोणाच्या डोक्यावरची जट देवीची, हे सगळे ठरवून दिलेले होते. हे ठरवले कोणी, आणि ते मोडण्याचा हक्क कोणाकडे होता, एवढाच माझा प्रश्न आहे.

२

आमचे गाव कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिणेकडचे. मांगवाडा ओढ्याच्या खालच्या अंगाला. हे खालचे अंग केवळ अपमानासाठी नव्हते, त्यात गावाची सोयही होती. वाख काढायचा तर घायपाताची पाने पाण्यात कुजत घालावी लागतात आणि त्याचा वास अर्ध्या मैलावर जातो. आठवडा-पंधरवडा पाने कुजली की ती दगडावर बडवायची, गर धुऊन काढायचा, उरलेले पांढरे तंतू उन्हात वाळवायचे, विंचरायचे. तो वाख. घायपाताच्या रसाने हातापायांना खाज सुटते, कातडी लाल होते. माझ्या आजीच्या कोपरापर्यंतच्या हातांचा रंग बाकीच्या अंगापेक्षा वेगळा होता. घायपात मूळचा अमेरिकेतला. तो इकडे येण्याआधी अंबाडी होती, ताग होता, किनाऱ्याकडे नारळाचा काथ्या होता. झाड परदेशातून आले, पण ते बडवण्याचे काम कोणाकडे जायचे हे मात्र आधीच ठरलेले होते.

दोर वळण्यात शास्त्र आहे. आज्याला अक्षर येत नव्हते, पण त्याने मला ते सहा-सात वर्षांची असताना सांगितले. तंतूंचा एक एक पेड आधी एका दिशेने पिळायचा. मग तीन पेड एकत्र घेऊन उलट्या दिशेने पिळायचे. तो म्हणायचा, "पोरी, पीळ उलटा दिला तरच दोर ऱ्हातो. न्हाईतर हात सोडला की समदं सुटतं." प्रत्येक पेडाला उलगडायचे असते. उलगडण्याच्या त्या ओढीने तो शेजारच्या पेडाला अधिकच घट्ट आवळतो. सुटण्याची धडपडच बांधणीला कामी येते. पुढे विद्यापीठात मी बाबासाहेबांचे श्रेणीबद्ध विषमतेचे विवेचन वाचले, तेव्हा मला आज्याची ती फिरकी आठवली. प्रत्येक जात आपल्यापुरती वर चढू पाहते आणि त्या धडपडीत खालच्या जातीवरची पकड घट्ट करते. असा दोर बाहेरून कोणी धरून ठेवावा लागत नाही.

या दोराशिवाय शेती चालत नव्हती. मोटेचा नाडा, बैलाचा कासरा, वेसण, म्होरकी, दावे, गाडीचे चऱ्हाट, भाकरी टांगायचे शिंके, वासराचे मुसके, राखणीची गोफण. नांगरटीपासून मळणीपर्यंत एक दिवस असा नव्हता की कुणब्याच्या हाताला आमच्या हातचा पीळ लागला नाही. बेंदराला बैलांच्या अंगावर नवी वेसण, नवी म्होरकी चढे. बैलाला पुरणपोळी मिळे. दोर देणाऱ्याला दारात, लांबून, सुपातून धान्य मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा' या ग्रंथात बलुतेदारांच्या कामांचा तपशील येतो. तो वाचताना मनात एकच हिशेब चालू राहतो : कामे कितीही मोजली, तरी त्या मोजणीत मान कुठेच येत नाही.

आता विहिरीचा विचार करा. गावच्या विहिरीवर आमची सावली चालत नव्हती. पायरी चढलो तर पाणी बाटत होते. पण पोहऱ्याला बांधलेला दोर आमचा होता. आमच्या हातांनी बडवलेला, आमच्या घामाने ओला झालेला, पीळ घट्ट बसावा म्हणून आमच्या तळहातांनी घासलेला तो दोर रोज शंभर वेळा त्याच पाण्यात बुडत होता. पाणी बाटत नव्हते. मग विटाळ कुठे होता? वस्तूत नव्हता, श्रमात नव्हता, स्पर्शातही नव्हता. विटाळ होता तो माणसाने हक्काने पुढे केलेल्या हातात. श्रमाचे फळ घ्यायचे आणि श्रमिकाला वेशीबाहेर ठेवायचे, ही ती व्यवस्था. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यात बाबासाहेबांनी ओंजळ बुडवली. त्या ओंजळीत जे पाणी होते त्यात आमचा दोर कधीच पोहोचलेला होता. पोहोचायचा राहिला होता तो हात.

गावाने या दोराचा आणखी एक उपयोग आम्हाला नेमून दिला होता. फाशी देण्याचे काम जुन्या व्यवस्थेत मांगाकडे असे. हुकूम राजाचा, न्याय शास्त्रींचा, आणि गळ्यात दोर अडकवण्याचे पाप तेवढे आमचे! पुढे इंग्रज आले आणि त्यांनी हा दोर उलटा आमच्याभोवती गुंडाळला. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. १९११ साली त्याचा विस्तार झाल्यावर मुंबई इलाख्यातल्या मांगांच्या काही गटांवरही त्याचा फास बसला. हजेरी देणे, परवानगीवाचून गाव न सोडणे, रात्री-बेरात्री झडती. तो कायदा १९५२ साली गेला. अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' १९५९ साली आली. पुष्कळ वाचकांना ती साहसकथा वाटली. आमच्या घरात ती वाचून दाखवली तेव्हा आजा मध्येच उठून बाहेर गेला होता. ती हजेरी त्याच्या बापाने दिलेली होती.

३

दोरापासून सुताकडे येऊ. जानवे म्हणजे काय? कापसाचे सूत काढायचे, ते तिहेरी करायचे, पिळायचे, पुन्हा तिहेरी करायचे आणि गाठ मारायची. हाताची क्रिया तीच. तंतू, पेड, पीळ, उलटा पीळ. घायपाताच्या जागी कापूस आणि मांगाच्या जागी ब्राह्मण. एका पिळाने माणसाचा दुसरा जन्म होतो, तर दुसऱ्या पिळाने माणूस जन्मभर वेशीबाहेर राहतो. तंतूत तर असे काही नसते.

सुताचा आणखी एक उपयोग होता. 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या १९३६ सालच्या आपल्या प्रबंधात बाबासाहेबांनी त्याची नोंद केली आहे. अस्पृश्याने मनगटाला किंवा गळ्यात काळा दोरा बांधला पाहिजे, म्हणजे चुकून त्याचा विटाळ होणार नाही. पेशव्यांच्या पुण्यात पावले पुसण्यासाठी कमरेला झाडू. खांद्यावरचे पांढरे सूत सांगते, याला वाट द्या. मनगटावरचे काळे सूत सांगते, याच्यापासून दूर व्हा. निरक्षर समाजात अंगावरचा दोरा हेच अक्षर होते, आणि ते कोणी लिहायचे हे आपल्या हातात नव्हते.

म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी बोलले ते लुगड्याविषयी आणि दागिन्यांविषयी बोलले. ज्या नेसण्यावरून आणि ज्या जडशीळ दागिन्यांवरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखल्या जाता ते टाका, असा त्या बोलण्याचा आशय होता. मनुस्मृती जाळली त्याच परिषदेत नेसण्याची चर्चा व्हावी, हे काहींना विजोड वाटते. मला ते एकच काम वाटते. मनूचा कायदा पोथीत होता तसा तो बाईच्या गुडघ्यावर, घोट्यावर, गळ्यात होता. पोथी एका दिवसात जळते. अंगावरचा कायदा प्रत्येक बाईला रोज सकाळी उठून मोडावा लागतो.

आमच्या पुरुषांच्या अंगावर मानाचा पीळ चढला तो वेगळ्याच वाटेने. युरोपातल्या फौजांत डगल्यावर जरीच्या गुंफलेल्या दोऱ्या लावून अधिकार दाखवण्याची रीत होती. ती इंग्रजी पलटणींबरोबर इथे आली. तो डगला आपल्या काही माणसांनी घातला. १८९०च्या दशकात सरकारने महारांची भरती थांबवली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. अर्जात मुद्दा नोकरीचा होता, पण नोकरीबरोबर तो डगलाही होता, आणि डगला घातलेल्या माणसाला गावात 'अरे' म्हणताना समोरच्याची जीभ अडखळे, हेही होते. पलटणीचा तोच डगला पुढे लग्नाच्या बँडवाल्यांनी उचलला. हलगी आणि सनई वाजवणाऱ्या आमच्या माणसांनी लाल कोटावर सोनेरी दोऱ्या चढवल्या. वरातीत सगळ्यांत झगझगीत कपडे आमचे आणि पंगतीत जागा सगळ्यांत शेवटची. अधिकाराची दोरी खांद्यावर आली, अधिकार आला नाही. नुसती खूण उसनी घेऊन भागत नाही, हे त्या बँडवाल्यांनी आम्हाला पुस्तकाआधी शिकवले.

४

आता केसांकडे वळते. हा भाग मला सर्वांत कठीण जातो.

सवर्ण बाईच्या वेणीला या समाजाने फार मोठा अर्थ दिला. वेणी, अंबाडा, त्यावर फुले : हे नवऱ्याच्या आयुष्याचे चिन्ह. म्हणजे केस तिचे, पण मालकी त्याची. तो मेला की मालकाबरोबर मालही गेला. ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या जातींत विधवेचे केशवपन होई. आठ-दहा वर्षांच्या मुलीसुद्धा त्यातून सुटल्या नाहीत. या क्रूर कामासाठी हात वापरला तो न्हाव्याचा. म्हणजे येथेही हुकूम वरच्याचा आणि पाप खालच्याचे. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हाव्यांनी ठरवले की विधवांच्या डोक्यावर आम्ही वस्तरा चालवणार नाही. सत्यशोधकी विचारातून उगवलेली ही गोष्ट. जगाच्या कामगार चळवळीत असा संप शोधून सापडायचा नाही. मजुरी वाढवून मागण्यासाठी कामगार संप करतो. परक्या जातीतल्या, आपल्याला हीन लेखणाऱ्या घरातल्या बाईचा अपमान आपल्या हातून होऊ नये म्हणून त्या कष्टकऱ्यांनी मजुरी नाकारली. सवर्ण सुधारकांच्या चरित्रांतून ज्यांना स्त्री-सुधारणेचा इतिहास ठाऊक आहे, त्यांनी हे पान जरूर वाचावे.

पण याच वस्तऱ्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तो वस्तरा आमच्या डोक्याला लागत नव्हता. गावचा न्हावी म्हैस भादरी, पण महार-मांगांच्या डोक्याला हात लावत नसे. आम्ही एकमेकांचे केस कापायचो. विधवेवर तो वस्तरा जबरदस्तीने चाले आणि आम्हाला तो हट्टाने नाकारला जाई. दोन्हीकडे व्यवस्था एकच. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा, १९७६ साली ज्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले, तो जातीवरून सेवा नाकारणे हा गुन्हा ठरवतो. तरीही माझ्या वडिलांनी पहिल्यांदा खुर्चीत बसून केस कापून घेतले ते तालुक्याच्या गावी, जिथे त्यांना कोणी ओळखत नव्हते. परत येताना ते सारखे मानेवरून हात फिरवत होते, असे आई सांगते.

आमच्या बायकांच्या केसांवर सत्ता चालली ती देवीच्या नावाने. केस विंचरायला तेल नाही, फणी नाही, अंघोळीला पुरेसे पाणी नाही. दिवसभर वाख, धूळ आणि घाम. अशा डोक्यात गुंता होतो, गुंत्यात मळ बसतो, मळाने केस चिकटतात. यालाच जट म्हणायचे. सवर्णाच्या मुलीच्या डोक्यात गुंता झाला तर तेल येई. आमच्या मुलीच्या डोक्यात गुंता झाला तर देवी येई. यल्लम्माने खूण दिली, पोर देवाला सोडा! मग सौंदत्तीची वाट, गळ्यात माळ, हातात परडी आणि पुढे गावच्या मालदारांची सोय. ज्या मुली सोडल्या गेल्या त्यांतल्या बहुसंख्य आपल्याच वस्त्यांतल्या होत्या, हा काही देवीचा योगायोग नव्हे.

माझ्या आज्याची बहीण अशीच सोडलेली होती. आम्ही तिला म्हातारी आत्ती म्हणत असू. नवव्या वर्षी तिच्या डोक्यात जट दिसली. मी पाहिली तेव्हा ती जट तिच्या कमरेखाली येत होती, मनगटाएवढी जाड, भंडाऱ्याने पिवळी पडलेली. तिला सरळ पाठीवर निजता येत नव्हते. मान एका बाजूला कललेली असे. आम्हा पोरांना वाटे, आत्ती सारखी काहीतरी ऐकते आहे. जटेला हात लावायला आम्हाला बंदी होती. गावातल्या सवर्ण बायका मंगळवारी येऊन तिच्या पाया पडत आणि घरी जाऊन अंघोळ करत.

मी तिसरीत असताना काही कार्यकर्ते वस्तीत आले. चार वेळा आले. पहिल्या तीन वेळा आत्तीने त्यांना शिव्या घातल्या. चौथ्या वेळी ती स्वतःच उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, "काय व्हायचं आसंल ते माजं हुईल." कात्री चालेना, शेवटी विळा घेतला. जट जमिनीवर पडली तेव्हा तिचा आवाज झाला. केस पडल्याचा आवाज होतो हे मला तोवर ठाऊक नव्हते. आत्ती बराच वेळ गप्प होती. मग मान इकडून तिकडे फिरवून म्हणाली, "हलकी झाली गं मान." त्या रात्री ती पाठीवर निजली. देवीचा कोप झाला नाही. पुढच्या वर्ष-दीड वर्षात तिचे पांढरे केस खांद्यापर्यंत आले आणि एके सकाळी ती माझ्या आईपुढे येऊन बसली. आईने तिची वेणी घातली. उंदराच्या शेपटीएवढी. सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या डोक्यावरची ती पहिली वेणी. तिने आरसा मागितला नाही, हाताने चाचपून पाहिली. मग ती आईला म्हणाली, "सुटंल का गं?" आई म्हणाली, "सुटली तर परत घालू."

वेणी आणि जट यांतला फरक मला त्या वाक्यात कळला. वेणी सोडता येते, परत घालता येते. जट सोडता येत नाही. जी गुंफण माणसाला सोडता येत नाही ते दास्य, मग तिच्यावर कितीही भंडारा उधळा.

जून १९३६ मध्ये मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये वाघ्ये, मुरळ्या, देवदासी, जोगतिणी यांच्यापुढे बाबासाहेब बोलले. हे लाजिरवाणे जिणे सोडा, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. ते कठोर बोलले. ज्यांना ते कठोर वाटते त्यांनी आत्तीची मान पाहायला हवी होती. कायदे झाले : १९३४ चा मुंबईचा, १९८२ चा कर्नाटकाचा, २००५ चा महाराष्ट्राचा. १९७५ साली गडहिंग्लजला देवदासींची परिषद झाली, तेव्हा त्या स्वतः बोलल्या. कायदा देवाला सोडणाऱ्याला शिक्षा करतो, पण जट सोडवायला माणूसच लागतो, तोही चार वेळा येणारा.

पुरुषांतही हे होते. नवसाने जन्मलेला थोरला मुलगा पोतराज होई. लांब केस, कमरेला चिंध्यांचा घागरा, हातात पीळदार कोरडा, आणि तो कोरडा स्वतःच्याच अंगावर. आमच्याच हातांनी वळलेला पीळ, आमच्याच पाठीवर, आमच्याच हातांनी! जोतीरावांनी १८८३ साली शेतकऱ्यासाठी ग्रंथ लिहिला आणि त्याला 'असूड' हे नाव दिले, तेव्हा या आसुडाची दिशा त्यांनी प्रथम फिरवली, असे मी समजते.

५

हे सगळे आपल्याकडेच घडले असे मानण्याचे कारण नाही. चीनमध्ये मांचू घराण्याची सत्ता आली. १६४५ साली फर्मान निघाले की प्रत्येक चिनी पुरुषाने कपाळावरचे केस भादरून मागे एक लांब वेणी ठेवावी. न ठेवणाऱ्याचे डोके उडवले जाई. हजारो माणसे केसांपायी मेली. अडीचशे वर्षे गेली. १९११ च्या क्रांतीनंतर वेणी कापण्याची वेळ आली तेव्हा तीच वेणी आपली परंपरा आहे म्हणून कित्येकजण रडले. जी खूण तलवारीच्या धाकाने डोक्यावर बसवली ती नातवंडांना धर्म वाटू लागली. आपल्याकडे जट काढताना जे अश्रू येतात त्यांचा अर्थ लावताना हा दाखला ध्यानात ठेवावा.

अमेरिकेचा दाखला आपल्याला अधिक जवळचा. आफ्रिकेतल्या अनेक समाजांत केसांच्या गुंफणीवरून माणसाचे कुळ, वय, लग्न ओळखले जाई. गुलाम म्हणून पकडल्यावर पुष्कळदा पहिल्यांदा डोके भादरले जाई. म्हणजे ओळखच पुसली. १७८६ साली लुइझियानात तेव्हाच्या स्पॅनिश गव्हर्नरने हुकूम काढला की स्वतंत्र काळ्या स्त्रियांनीही आपले गुंफलेले, सजवलेले केस फडक्याने झाकावेत. गुलाम नसली तरी ती गुलामासारखी दिसली पाहिजे! त्या बायकांनी फडके बांधले, पण रंगीत, देखणे, असे बांधले की शिक्षेचे फडकेच मिरवण्याची गोष्ट झाली. पुढे विसाव्या शतकात त्यांच्या पोरांनी केस मोकळे वाढवले, वेण्या घातल्या आणि त्याला राजकारण म्हटले. १९६६ साली तिकडे ब्लॅक पँथर उभी राहिली, १९७२ साली मुंबईत दलित पँथर. आपण तिचे नाव घेतले, त्वेष घेतला. पण काळ्या स्त्रियांनी केसांचा जो प्रश्न मांडला तो आपल्या जाहीरनाम्यांत फारसा आला नाही, कारण आपल्या सभांत पुढच्या रांगेत पुरुषच अधिक होते. २०१९ साली कॅलिफोर्निया राज्याला कायदा करावा लागला, की वेण्या किंवा जटा ठेवल्या म्हणून कोणाला शाळेत वा नोकरीत भेदभाव सोसावा लागू नये.

येथे एक शंका कोणी घेईल. तिकडे जटा ठेवण्याचा हक्क मागतात, इकडे तुम्ही जटा कापता, मग खरे काय? दोन्ही खरे. अर्थ केसांत नसतो. तो कोणाच्या हुकमाने केस तसे झाले यात असतो. जिला कापायच्या आहेत तिला कापता आल्या पाहिजेत, जिला ठेवायच्या आहेत तिला ठेवता आल्या पाहिजेत. आत्तीला साठ वर्षांत हे कोणी विचारले नव्हते.

६

आजा गेला त्याच्या खूप आधी त्याचा धंदा गेला. विहिरीवर इंजिने आणि विजेचे पंप आले, मोट गेली, नाडा गेला. बाजारात नायलॉनचा दोर आला. तो कुजत नाही, हात सोलत नाही, स्वस्त आहे. कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने संपली. बलुते आटले. बाबांनी साखर कारखान्याचा कोयता धरला. मला वाखाला हात लावू द्यायचा नाही हे आज्याने आधीच ठरवले होते. "तुजं हात पांढरं ऱ्हाऊ देत," एवढेच तो म्हणे. मला दोर वळता येत नाही. उलटा पीळ कसा द्यायचा हे मी फळ्यावर सांगू शकते, हाताने देऊ शकत नाही.

याचे दुःख करावे काय? गावगाड्याचे गोडवे गाणारे या धंद्यांना हस्तकला म्हणतात आणि ती लोपली म्हणून हळहळतात. त्यांच्या हळहळीत आमचे सोललेले हात नसतात. जे काम जन्मावरून गळ्यात पडते ते सुटलेच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण काम सोडणे वेगळे आणि त्या कामातले ज्ञान आपले नव्हतेच असे मानणे वेगळे. ते ज्ञान आमच्या माणसांनी कमावले होते. लाजेपायी आपण ते टाकून दिले, तर ते दुसऱ्या कोणाच्या नावावर लागेल, जशी ती म्हण लागली.

दोन वर्षांपूर्वी मी वर्गात मुलांना काम दिले : आपल्या घरातल्या वृद्धांकडून दोरांची नावे लिहून आणा. कुणब्यांच्या मुलांनी कासरा, दावे, जुंपणी अशी बांधण्याच्या दोरांची लांब यादी आणली. आमच्या वस्तीतला एक मुलगा कोरा कागद घेऊन आला. त्याच्या घरी दोर वळत, हे मला माहीत होते. मी काही बोलले नाही. फक्त तासाला मी माझ्या आज्याची गोष्ट सांगितली, मांगवाड्यासकट. सहा वर्षे शिकवत होते, पण वर्गात तो शब्द माझ्याविषयी मी तोवर उच्चारला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या मुलाने चार पाने दिली. वाख कसा ओळखावा, पेड किती घ्यावेत, पावसाळ्यात पीळ सैल का पडतो, सगळे होते त्यात. शेवटी लिहिले होते : ही माहिती माझ्या आजीने सांगितली. खाली तिचे पूर्ण नाव. आजवर कोणत्याही कागदावर, रेशनकार्ड सोडले तर, ते नाव आलेले नसणार.

माझे सगळे म्हणणे त्या चार पानांत आले. १८५५ साली मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग मुलीने सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेत शिकून आपल्या लोकांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ज्ञानोदयात छापला गेला. तेव्हापासून लिहिणारा हात आपल्याकडे आहे. तिच्या आधीच्या पिढ्यांनी जे लिहिले ते तंतूंत लिहिले, आणि ते वाचायचे काम आपले आहे.

माझी मुलगी आता पहिलीत आहे. सकाळी शाळेची घाई असते, ती माझ्यापुढे पाठ करून बसते, मी तिच्या दोन वेण्या घालते. आई माझ्या घालायची तशाच, घट्ट. ती कुरकुरते, "सैल घाल ना!" मी सैल घालते. तिला हवी तशी.

आणि त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना आता माझ्याकडे उत्तर आहे. सुंभ जळतो, पण पीळ जळत नाही, हे अगदी खरे आहे, सर. तो आमच्याच हातचा आहे.